कंदीलवालीच्या कोटाचं लेबल

संगमनेरहून निघताना धाकट्या बहिणीनं मला विचारलं, "अगं, पण तिकडं आहे काय बघायला?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावं घेऊन कुणी प्रवासाला निघतं का, असं तिचं म्हणणं. मी चार दिवस जाऊन आले. बघायला पुष्कळ आहे, आणि चिडायलाही पुष्कळ आहे. बघितलेलं विसरले तरी चालेल, पण चिडलेलं विसरायचं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आधी मी कोण ते सांगते. मी कॉलेजातल्या मुलामुलींची खानावळ चालवते. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना पलंगावर पडून राहायची वेळ आली. जेवायला येणाऱ्या एका पोरीनं माझ्या मोबाईलवर एक गेम घालून दिला. जमिनीखाली एक शहर, त्यात अंधार, आणि हातात कंदील घेऊन एकटी हिंडणारी एक बाई. गेमचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला वळत नाही. मी तिला कंदीलवाली म्हणते, आणि आता आमचा अख्खा ग्रुप तेच म्हणतो. गुडघा बरा झाला, गेम काही सुटला नाही. सत्तावन्नाव्या वर्षी बाई व्हिडिओ गेम खेळते म्हणून गल्लीत माझ्या नावानं म्हातारचळाची चर्चा झाली. होऊ दे. खानावळीच्या भाकऱ्या वेळेवर पडतात ना, मग झालं.

ग्रुप म्हणजे गेम खेळतानाच ओळख झालेल्या अंबरनाथ-बदलापूरकडच्या तेरा जणांचा. त्यांच्याशी रोज खेळायचं, रोज बोलायचं, पण भेट एकदाही नाही. दिवाळीत कंदीलवालीचा सिनेमा येतोय, ॲनिमेशनचा. त्यात ती आपल्या गेममधून बाहेर पडते आणि दुसऱ्या गेममध्ये शिरते म्हणे. आतापर्यंत त्याची एक मिनिटाची झलक तेवढी आली आहे. ग्रुपचा नियम असा, की रोज संध्याकाळी आठ वाजता ती झलक बघायची आणि आजवर कुणाला न दिसलेली एक तरी गोष्ट शोधून लिहायची. मला एकदा तिच्या मागं दिसणाऱ्या स्वयंपाकघरात झाकण नसलेलं पातेलं दिसलं होतं. त्यावर चार दिवस चर्चा चालली. आमच्यात सगळ्यांत तयार नजर मनालीची. तिचा एकही दिवस कधी रिकामा गेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

या मनालीसाठीच मी निघाले होते. सिनेमावाल्यांनी उल्हासनगरातल्या एका मॉलमध्ये पोशाखाची स्पर्धा ठेवली होती. कंदीलवालीसारखा कोट स्वतः शिवून घालून यायचं, सिनेमावाल्यांनीच विकायला काढलेला रेडीमेड चालणार नाही. जिंकेल त्याला सिनेमा सगळ्यांच्या आधी, तो काढणाऱ्या चित्रकारांच्या शेजारी बसून बघायला मिळणार. मनाली अंबरनाथच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. चित्रकला कुठं शिकलेली नाही, पण चित्रांच्या सहा वह्या भरल्यात. त्या वह्या त्या लोकांच्या हातात द्यायच्या आणि विचारायचं, मला हे जमेल का. तिला दुसरं काही नको होतं.

अंबरनाथ, शुक्रवार

उतरले ती प्रज्ञाकडे. प्रज्ञा एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि उरलेल्या वेळात आमचा ग्रुप हाकते. दारातच तिच्या वडिलांनी "जयभीम, मावशी" म्हणून माझी पिशवी हातातून घेतली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर सिनेमाच्या तारखेपर्यंतचे दिवस लाल पेनानं खोडत आणलेले. मला वाटलं प्रज्ञाचं काम. तर नाही, वडिलांचं. कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस गेम खेळत नाही, पण लेक रोज आठ वाजता काय बघते म्हणून शेजारी बसू लागला आणि अडकला.

संध्याकाळी मनाली कारखान्यातून परस्पर शिवमंदिरात आली. बारीक, सावळी, बोलण्यात अर्धं हिंदी. पाया पडायला वाकली, तर मी तिला वरच्यावर धरली आणि दोघींना हसू आलं. तीन वर्षं जिच्याबरोबर राक्षस मारले, तिच्याकडून पाया कसलं पडून घ्यायचं.

देवळाला मी आधी बाहेरून एक फेरी मारली. बाहेरच्या काळ्या दगडावर हात ठेवायला जागा नाही इतकं कोरीव काम. आणि शेजारून वाहणाऱ्या पाण्याचा वास असा की पदर नाकाला. हजार वर्षं टिकवणारे लोक आणि हजार वर्षांच्या अंगणात रंगीत सांडपाणी सोडणारे लोक एकाच मातीतले कसे, हे मला कुणीतरी समजावून सांगा. आमच्या प्रवरा नदीचं आम्ही फार चांगलं ठेवलंय असं नाही, पण निदान तिच्याकडे बघून लाज तरी वाटते.

गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गारवा आणि मिणमिणता उजेड. मनाली म्हणाली, "मावशी, फर्स्ट टाइम गेम खेळले ना, तेव्हा मला वाटलं ह्या पायऱ्या आपल्याच आहेत. कंदीलवाली इथूनच खाली गेली असणार." बाहेर येऊन तिनं मला भिंतीवर कोरलेल्या एका बाईच्या कमरेचा पट्टा दाखवला. चार पाकळ्यांचं फूल, मधे मणी, परत फूल. गेममधल्या कोटाला नुसती साखळी आहे. हिनं आपल्या कोटावर ती काढून तिथं हा पट्टा घेतला होता. वहीत तो पट्टा बॉलपेननं अकरा वेळा काढलेला, अकराव्या वेळी हुबेहूब.

उल्हासनगर, शनिवार

सकाळी मनालीबरोबर होतूमास्टर शिंप्यांच्या गाळ्यात, कोट बघायला. वाटेत दाल-पकवानचा नाश्ता झाला. पुरीपेक्षा मोठं, कडक पकवान, त्यावर चण्याची डाळ आणि चिंचेची चटणी. खानावळवाली आहे, दुसऱ्याच्या हातचं सहज चांगलं म्हणत नाही, पण दोन खाल्ले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जीन पँटींचे ढीग, आणि बोलणं सिंधीत सुरू होऊन हिंदीतून मराठीत संपणारं.

होतूमास्टर सत्तरीचे. जन्म इथलाच, आयुष्य जीन शिवण्यात गेलं. मनालीनं चार महिन्यांपूर्वी कात्रणं मागितली तेव्हा त्यांनी पोतंभर दिली, आणि रविवारी बंद गाळ्यातलं मशीनही. जीनच्या जाड कापडाला सुई कशी लावायची, कोपरा कसा वळवायचा, हे शिकवलं. शिवायचं मात्र तिनंच. कॉलर तेवढी मास्टरांनी बसवून दिली. नियमातही तेवढी मदत चालत होती.

कोट खुंटीला टांगलेला होता. निळ्याच्या जेवढ्या म्हणून छटा असतात तेवढ्या त्यात. चौदा खिसे, कारण गेममध्ये कंदीलवालीला चौदा किल्ल्या सापडतात, आणि प्रत्येक खिसा वेगळ्या घडीचा. कमरेला पिवळ्या दोऱ्यानं भरलेली देवळातली फुलं. खरं सांगते, मला भरून आलं. आणि भरून आलं की माझी जीभ वळवळते. मी कॉलर उलटी करून म्हटलं, "काय हो मास्टर, उल्हासनगरचा माल आणि लेबल नाही?"

हा विनोद आमच्याकडे सगळेच करतात. बाजारात कुठली वस्तू डुप्लिकेट निघाली की उल्हासनगरचं नाव घ्यायचं आणि हसायचं. मीही हसले. मनाली हसली. मास्टर हसले नाहीत. ते कॉलरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर बोलला ताई. लेबल बिना माल अधुरा."

मी ते तिथंच सोडून दिलं. चूक झाली. त्या माणसाच्या हातून चाळीस वर्षांत लेबलाशिवाय एकही कपडा बाहेर गेलेला नाही. कुणाचं लेबल हा त्यांचा प्रश्नच नसतो. गिऱ्हाईक देईल ते. लेबल लागलं की काम पुरं झालं, अंगावर चढवायला मोकळं. माझ्या थट्टेनं त्यांना आपलं राहिलेलं काम आठवलं.

जांभूळ, शनिवार दुपार

मनालीचं गाव जांभूळ. तिथून पाणी शुद्ध होऊन सगळ्या कारखान्यांना जातं, आणि मनालीच्या आईनं मला सांगितलं की त्यांच्या आळीत ते एक दिवसाआड येतं. हे ती अगदी सहज, भाकरी थापता थापता म्हणाली. माझं पित्त तिथंही खवळलं, पण पाहुणी होते.

"ये गो बाय, बस," म्हणून तिनं पाट दिला. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची, भक्कम. ही तांदळाची इतकी मऊ की मी तिला पाण्याचं माप विचारून घेतलं, आणि माझ्या हातून तीन भाकऱ्या मोडल्या. आयुष्यभर भाकऱ्या विकणाऱ्या बाईची अशी फजिती बघून त्या माऊलीला फार आनंद झाला. लेकीच्या कोटाबद्दल मात्र ती काळजीत होती. हळूच मला म्हणाली, चार महिने रविवार घरात नाही पोर, एवढं करून कोट स्पर्धेत नाही घेतला तर काय करंल ती. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, घेतील. न घ्यायला काय धाड भरलीय.

जेवणानंतर बारवी धरणाच्या बाजूला जाऊन आलो. भात पोटरीत आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, मागं रान, पलीकडे पाणी. मनाली दोन तास चित्रं काढत बसली.

उल्हासनगर, रविवार

मॉलमध्ये गार हवा आणि कानठळ्या बसवणारं संगीत. आमचे तेराही जण आलेले. प्रज्ञाचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, होतूमास्टर रविवारची सुट्टी सोडून. मनाली कोट घालून उभी राहिली तशी आजूबाजूची पोरं फोटो काढायला गोळा झाली. एका छोट्या मुलीनं चौदाही खिशांत हात घालून बघितला.

तपासायला एक पोरगेला माणूस खुर्चीत बसलेला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्यानं मनालीला वळून वाकायला सांगितलं, कॉलर उलटी केली आणि थांबला. आत साटीनच्या फितीवर सिनेमाचं नाव, हुबेहूब त्यांच्याच अक्षरात. मास्टरांनी शनिवारी संध्याकाळी शेजारच्या गाळ्यातून छापून घेतलं होतं आणि रविवारी सकाळी शेवटची इस्त्री करताना लावलं होतं. मनालीला ठाऊकही नव्हतं. तिला अचानक दाखवून खूश करायचं म्हणून सांगितलं नव्हतं.

तो माणूस हसला. म्हणाला, "उल्हासनगर ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द तोच, विनोद तोच, जो मी आदल्या दिवशी केला होता. त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा कळलं तो कसा लागतो. त्यानं सांगितलं, रेडीमेड चालत नाही, त्यातही हा डुप्लिकेट. मी पुढं झाले. म्हटलं, बाबा, टाके बघ, कुठल्या कारखान्यात चौदा खिसे चौदा घड्यांचे शिवतात ते सांग. मास्टर हात जोडून पुढं आले, लेबल मी लावलं, मुलीची गलती नाही, असं तीनतीनदा म्हणाले. सत्तर वर्षांच्या माणसाला हात जोडायला लावणाऱ्या त्या पोराला खुर्चीवरून उठावंसंही वाटलं नाही. मग त्याला कमरेचा पट्टा दिसला. ओरिजिनलमध्ये साखळी आहे, म्हणाला, म्हणजे कॉपीसुद्धा चुकीची.

आता मला सांगा. एकाच तोंडानं हा म्हणतो की कोट विकत आणलाय, आणि त्याच तोंडानं म्हणतो की तो कुठल्याच विकतच्या कोटासारखा नाही. मनालीनं पिशवीतून वही काढली, देवळाचं पान उघडलं आणि त्याच्यासमोर धरली. त्यानं वहीकडे बघितलं नाही. "मॅडम, मागे लाइन आहे," एवढंच बोलला. मी त्याच्याशी भांडले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी दोन सुरक्षारक्षक आले आणि त्यांनी मला, संगमनेरच्या खानावळवालीला, कोपर धरून बाजूला केलं. त्यातला एक हळूच म्हणाला, मावशी, बरोबर आहे तुमचं, पण चला.

बक्षीस मिळालं चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीला. कोट चकाचक, साखळी खरी. ती आमच्या शेजारून आईबरोबर गेली तेव्हा मास्टरांनी माझी बाही ओढली. त्यांची नजर तिच्या कॉलरवर. कॉलर जरा मागं पडलेली, आतल्या बाजूला चार बारीक भोकं, लेबल उसवून काढलेल्या जागची. विकतचा कोट होता, लेबल काढून आणलेला. मी उठलेच. पण मनालीनं माझा हात धरला.

"राहू दे, मावशी. ती पण कंदीलवालीवर प्रेम करते म्हणूनच आलीय ना."

मी राहू दिलं. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. त्या मुलीचं सोडा, ती लहान आहे. पण ज्यांनी उसवलेलं लेबल बघितलं नाही आणि शिवलेलं तेवढं बघितलं, त्यांना मी माफ करणार नाही.

संध्याकाळी मास्टरांच्या गाळ्यात बसलो. त्यांनी ब्लेड घेऊन लेबल काढलं. कापडाला इजा होऊ नये म्हणून एकेक टाका सावकाश. मी तेव्हा सगळ्यांसमोर कबूल केलं की खोट माझ्या जिभेची आहे, मी थट्टा केली नसती तर हे झालंच नसतं. कुणी मला बोललं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. मग मास्टरांनी कागद पुढं केला. मनालीला म्हणाले, आजपर्यंत दुसऱ्यांच्या नावाचे लेबल लावले, आता तुझा नाव लिहून दे, तुझ्या नावाचा बनवतो.

मनालीनं पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. "नको, मास्टर. माझ्या नावाचं लावलं तर विचारतील, हे कुठून उचललं."

त्या दिवशी आठ वाजता झलक लागली. प्रज्ञानं काहीतरी शोधलं, तिच्या वडिलांनी काहीतरी शोधलं. मनालीनं ग्रुपवर लिहिलं, आज काही दिसलं नाही.

संगमनेर

सोमवारी मी परत आले. सिनेमावाल्यांच्या पत्त्यावर तीन पानी पत्र लिहून पाठवलं. उत्तर आलेलं नाही, येईल असं वाटतही नाही. बहिणीनं विचारलं, उल्हासनगरहून काय आणलंस, डुप्लिकेट पर्स का? तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. बिचारीला कारणही कळलं नसेल, आता हे वाचून कळेल.

सिनेमाला जाणार का, असं खानावळीतली मुलं विचारतात. जाणारच. राग त्या मॉलमधल्या खुर्चीवर आहे, कंदीलवालीवर नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या शोला, बदलापुरात, सगळा ग्रुप मिळून. पण तो कोट जांभूळला कपाटात घडी घालून ठेवलाय असं प्रज्ञाकडून कळलं, आणि आठ दिवस रोज आठ वाजता मनालीचं एकच उत्तर. आज काही दिसलं नाही. मी फोन करायचे तर ती माझ्या गुडघ्याची चौकशी करायची आणि ठेवायची.

नवव्या दिवशी मी भाकऱ्या आटोपून फोन हातात घेतला तर तिचा निरोप आलेला होता. एकेचाळिसावा सेकंद बघा, म्हणून. मी चष्मा पुसून बघितलं. वाऱ्यानं कंदीलवालीची टोपी मागं पडते, क्षणभर कॉलर उलटी होते आणि आतली बाजू दिसते. थांबवून बघितलं, मोठं करून बघितलं. मग तिनं खाली लिहिलेलं वाचलं.

"हिच्या कोटाला पण लेबल नाहीये, मावशी. हिनं पण स्वतःच शिवलाय. पहिल्या शोला मी माझा घालून येते."